तोच तो कशावरून

काल निफाडचा पारा चारावर आला
आणि माझ्या काचपट्टीवरचा कांदा आळसावला.
लासलगावचा, परवाच्या लिलावातला.
आतल्या पाकळीचा पापुद्रा
चिमट्यानं सोलून घेतला,
डोळ्यांतून पाणी आलं, तेही रोजचंच.
मग काचपट्टीखाली थोडी ऊब दिली,
तेव्हा कुठे आतली वाहतूक सुरू झाली.

गंगापूर रोडच्या कॉलेजात, तळघरात
दिवा मालवून मी बसते.
कांदाचाळीच्या कप्प्यांसारख्या
एकीला एक खेटलेल्या पेशी,
आणि त्यांतल्या एकीत हिरवे ठिपके.
प्रथिनाच्या शेपटाला आम्ही दिवा बांधलाय,
मूळचा कुठल्याशा समुद्रातल्या जेलीफिशचा.
आता तो कांद्यात जळतोय. त्याला काय त्याचं!

काही ठिपके तंतूवरून सुसाट जातात,
मध्येच थबकतात,
काहीतरी विसरल्यागत उलटे फिरतात.
काही नुसतेच चुळबुळतात,
पाणी ढकलेल तिकडे.
चुळबुळीलाही हिशेब असतो, तडवी मॅडम सांगतात:
चौपट वेळ दिलास
तर सरासरी दुप्पटच लांब जाईल बिचारा.

सेकंदाला दहा चित्रं.
या चित्रातला ठिपका पुढच्या चित्रात कोणता,
एवढंच माझं काम.
संगणक जोडतो, पण गर्दीत गडबडतो.
दोन ठिपके एकमेकांवरून गेले
की कोण कुठून बाहेर पडला
ते मी ठरवते. हाताने. रात्री.

पप्पा, म्हणजे थोमा उजागरे,
नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात
एकतीस वर्षं नंबर तपासत होते.
भोंगा वाजला की आमचं शरणपूरचं घर
त्यांच्या चपलांची वाट बघायचं.
शेवटच्या दिवशी त्यांनी
दहाच्या एका नोटेचा नंबर पाठ करून ठेवला.
तेव्हापासून भाजीवाली सुटे देते
आणि पप्पा मेथीच्या जुडीसकट
उजेडाकडे वळतात.
सोळा वर्षं झाली.
चारशे सत्तावीसवर संपणारी एक मिळाली होती,
पण अक्षर दुसरं होतं.

माझं काम त्यांना सांगितलं
तर आधी हसले. मग जेवता जेवता थांबून म्हणाले,
नंबर नाही, सही नाही, खूण नाही.
मग तोच तो कशावरून?
मी म्हटलं, आधी जिथं होता
त्याच्या सगळ्यांत जवळ आहे, यावरून.
ते म्हणाले, एवढ्यावर?
मी भाकरी मोडत राहिले.
एवढ्यावरच, पप्पा.

शनिवारी ते तळघरात आले,
स्वेटर, मफलर, कानटोपी.
पडद्यावरचा एक ठिपका त्यांनी निवडला,
कडेचा, जरा मंद,
आणि त्याच्यावर बोट ठेवलं.
ठिपका निघाला, बोट निघालं.
तंतूच्या फाट्याला दोघं अडखळले,
डावीकडे वळले.
मी श्वास रोखला होता, का ते माहीत नाही.

मग तो विझला.
ज्या उजेडात तो दिसतो
तोच उजेड त्याला जाळत असतो,
हे त्यांना आधी सांगायला हवं होतं.
बोट तिथंच राहिलं.
गेला? नाही पप्पा, असेल तिथंच,
फक्त आपल्याला दिसत नाही.
तीन चित्रांत परत उजळला तर तोच धरायचा,
त्यानंतर नवा.
तीनच का?
मॅडमनी ठरवलंय.
हं, म्हणाले. बोट काढलं नाही.

मी वहीत लिहिलं:
मार्ग दोनशे चौदा, एकोणीस चित्रं, खंडित.
रिक्षात ते गप्प होते.
त्र्यंबक नाक्यावर पैसे देताना
सुटे परत मिळाले, तेव्हा मात्र
दिव्याच्या खांबाखाली जाऊन उभे राहिले,
आणि मीही, पहिल्यांदाच,
त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

सोमवारी पडदा लावला.
काचेवर त्यांच्या बोटाचा ठसा आहे,
थोडा तेलकट, डावीकडे ओढलेला.
पुसायचं कापड खिशात आहे माझ्या.
ठिपके त्याच्याखालून जातायत.